नदीला जागा द्यायची, पण कुणाच्या सहीने?

पूर चढत असतो तेव्हा सगळ्यांचे डोळे धरणाच्या दरवाजांकडे असतात. पूर ओसरला की ते जमिनीकडे वळतात. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर सध्या हेच चाललं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेलं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. तिथे २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांवर पोहोचलं. पुणे-बंगळूर महामार्ग दोन्ही वेळा पाण्याखाली जाऊन बंद पडला. तेव्हापासून सभा-परिषदांमधून एक वाक्य सारखं कानावर येतं: नदीला तिची जागा परत द्या.

वाक्य खरं आहे. माझा वाद त्या वाक्याशी नाही. वाद आहे तो त्यात न उच्चारलेल्या गोष्टीशी. नदीची म्हणून जी जागा दाखवली जाते, ती आज कुणाची तरी खाजगी जमीन आहे. त्या जमिनीवर पुराचं पाणी पसरू द्यायचं, साठवायचं किंवा तिथून वळवायचं, तर कुणाला तरी विचारावं लागेल, कुणाला तरी भरपाई द्यावी लागेल. विचारणार कुणाला? ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याला. भरपाई कुणाला? त्यालाच. आणि त्याच जमिनीत बारा महिने वाकून राबणारी बाई? ती या व्यवहारात कुठेच नाही.

योजना कागदावर आहेत तोवरच आपल्या संघटनांनी या प्रश्नात हात घातला पाहिजे. नाही तर पूरनियंत्रणाच्या नावाखाली बाईचा जमिनीवरचा उरलासुरला हक्कही वाहून जाईल. आणि तो पुराने नेला, असंच सगळे म्हणतील.

पूर मावतो कुठे?

नदी वर्षातले बहुतेक दिवस आपल्या पात्रात असते. पुराच्या दिवसांत ती पात्राबाहेर पसरते. दोन्ही काठांवरचा सखल पट्टा हे तिचं दुसरं पात्रच म्हटलं पाहिजे. तिथल्या शेतांत दोन-चार फूट पाणी पसरतं, थांबतं, हळूहळू उतरतं. तेवढं पाणी एकदम पुढे जात नाही, म्हणून खालच्या गावातली उंची कमी राहते. नदीकाठची मळी सुपीक असते तीही याच गाळामुळे. आपल्या आज्या-पणज्यांना हे माहीत होतं. मळीला पीक घ्यायचं आणि घर मात्र उंचावर बांधायचं, ही रीत त्यातूनच आली.

ही रीत मोडली कुणी? २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबरच नदीपात्रातल्या आणि पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. खरं तर पाटबंधारे खात्याने १९८९ सालीच नदीकाठासाठी दोन रेषा आखायला सांगितलं होतं. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बंधनं पाळून करायचं. कागद स्वच्छ होता. पण शहराजवळच्या जमिनीला भाव आला आणि रेषा सरकू लागल्या, पुसट होऊ लागल्या. आजही दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या वर उचललं तर बांधकामाला परवानगी मिळते. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे त्याने मुरूम टाकून आपला प्लॉट उंच करायचा. त्याच्या जागेवर मावणारं पाणी मग कुठे जाणार? शेजारच्या सखल घरात, नाही तर पलीकडच्या शेतात. रस्त्यांचे आणि पुलांचे भराव हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात.

म्हणून एक गोष्ट आधी नीट समजून घेऊ. खाजगी जमिनीवर पूर साठवणं ही काही उद्या येणारी नवी योजना नाही. ती आजही चालू आहे. शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पूर आला की त्या सगळ्या पट्ट्यात पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवस उभं राहतं. उसाच्या शेंड्यात गाळ बसतो, ऊस कुजतो. त्या शेतांनी ते पाणी अंगावर घेतलं नसतं तर ते आणखी कुणाच्या तरी उंबऱ्याशी गेलं असतं. म्हणजे ही शेतं इतरांसाठी काम करताहेत. त्या कामाचा करार नाही, मोबदला नाही, साधी दखलही नाही. बाईच्या घरकामासारखंच आहे हे. ते होत असतं तेव्हा दिसत नाही आणि थांबलं की सगळ्यांची तारांबळ उडते.

आता सरकार आणि तज्ज्ञ या कामाला योजनेचं रूप द्यायला निघाले आहेत. कृष्णा खोऱ्यातलं पुराचं जादा पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याची योजना राज्याने जागतिक बँकेच्या मदतीने हाती घेतली आहे. नाले मोकळे करणं, सखल जागा पाण्यासाठी राखून ठेवणं, पूररेषेतली वस्ती हलवणं, यांची चर्चा तर सतत असते. या प्रत्येक गोष्टीला जमीन लागते. हीच वेळ आहे विचारायची, की जमीन म्हणजे कोण?

सातबारा म्हणजे जमीन नव्हे

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातल्या खातेदारांत बायकांचं प्रमाण सुमारे १४ टक्के आणि त्यांच्याकडचं क्षेत्र १२ टक्क्यांच्याही आत. शेतातलं काम मात्र कुणाच्या हातचं आहे हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. ऊसपट्ट्यात लावण, भांगलण, वैरण, जनावरांचं शेण-पाणी, धार, हे सगळं बाईच्या हातातून जातं. पण दूध संस्थेचं खातं बहुधा त्याच्या नावावर, सोसायटीचं सभासदत्व त्याच्या नावावर, कारखान्याचा शेअर त्याच्या नावावर.

आणि हे झालं खातेदाराच्या घरातल्या बाईचं. दुसऱ्याच्या रानात रोजगाराला जाणारी बाई सातबाऱ्यापासून आणखी दूर आहे. बांधावरचं गवत, उसाचं वाडं, नदीकाठची पालेभाजी, गायरानातल्या शेण्या, यांवर तिचं अर्धं घर चालतं. पूर आला की पहिल्यांदा हेच जातं. शेतमालकाचा ऊस गेला की त्याचा पंचनामा होतो. तिचे बुडालेले दोन-तीन महिन्यांचे रोज कुठल्याच पंचनाम्यात नसतात. वाट्याने किंवा खंडाने तोंडी बोलीवर जमीन करणाऱ्यांचीही तीच गत. कष्ट आणि बी-खत यांचं, पण कागदावर नाव मालकाचं.

मदतीचे निकष पाहा. आपत्ती मदतनिधीतून २०२२ ते २०२६ या काळासाठी पीकनुकसानीचे जे दर ठरले, ते कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. राज्यांनी वेळोवेळी त्यात भर घातली, पण मोजमाप कायम हेक्टरचंच राहिलं. २०१९ मध्ये राज्याने पूरग्रस्त पीककर्ज एक हेक्टरपर्यंत माफ केलं. ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या नावावर कर्ज आणि त्यालाच माफी. बचत गटाचं आणि खाजगी फायनान्सचं कर्ज बाईच्या नावावर असतं. त्याचा हप्ता घ्यायला माणूस मात्र पूर ओसरताच दारात उभा.

त्या वर्षी ग्रामीण भागात कुटुंबामागे १०,००० आणि शहरात १५,००० रुपयांचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं. कुटुंब म्हणजे कोण, तर व्यवहारात रेशनकार्ड. निवारा केंद्रांवर काम करताना आम्हाला पुन्हा पुन्हा भेटल्या त्या नवऱ्याने टाकलेल्या बायका. माहेरच्या पडवीत वेगळी चूल मांडून राहणाऱ्या. त्यांची चूल वाहून गेली होती, पण कार्डावर नाव अजून नवऱ्याच्या घरचं किंवा भावाच्या खाली. सरकारच्या लेखी त्यांचं घर नव्हतंच, तर बुडणार काय? परित्यक्तांचा वेगळ्या रेशनकार्डाचा प्रश्न आपण कितीतरी वर्षं मांडतो आहोत. पुरात त्याचं मोल रोख रुपयांत कळतं.

बाईची आठवण पुरात निघते ती मदतीच्या पाकिटापुरती. साड्या येतात, भांडी येतात, सॅनिटरी पॅड येतात. हवंच ते सगळं, देणाऱ्यांचे आभार. पण पुढच्या पुरात पाणी कुठे जाणार हे ठरवण्याच्या बैठकीत खुर्ची कुणाला? ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बुडालेल्यांत बायका आणि मुलंच जास्त होती. पुरात मरताना बाई मोजली जाते. पूरव्यवस्थापनात ती मोजली जात नाही.

बहिणीची सही

जमिनीला सरकारी पैसा येणार अशी कुणकुण लागली की गावात आणखी एक गोष्ट घडते. भावांना बहिणींची आठवण येते. दिवाळीला, राखीपौर्णिमेला साडी-चोळी होते आणि बरोबर हक्कसोडपत्र येतं. "तुला काय कमी आहे? माहेर तुटू देऊ नकोस," असं म्हणून सही घेतली जाते. धरणाच्या, रस्त्याच्या, एमआयडीसीच्या संपादनात हे आपण पाहिलं आहे. पूरयोजनांत ते घडणार नाही असं मानायला काहीही आधार नाही.

कायदा बाईच्या बाजूला नाही असं नव्हे. महाराष्ट्राने १९९४ सालीच वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना, मर्यादित का होईना, वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला. २००५ मध्ये तो देशभर सगळ्या हिंदू मुलींना मिळाला. वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण हा झाला मुलीचा हक्क. सासरी जिथे ती प्रत्यक्ष राबते, तिथल्या जमिनीत नवरा जिवंत असेपर्यंत तिचं नाव लागत नाही. म्हणजे माहेरी हक्क आहे तर सही करून सोडायचा, आणि सासरी कष्ट आहेत तर हक्क नाही. दोन्हीकडून हात रिकामे.

यावर उपाय महाराष्ट्रानेच एकदा शोधला होता. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं प्रचंड अधिवेशन झालं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. पाठोपाठ १९९२ मध्ये सरकारनेही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी परिपत्रक काढलं. तो कार्यक्रम थंडावला, पण वाट तिथेच आहे.

बाहेरचे दोन धडे

"नदीला जागा" या विचाराचा दाखला द्यायचा झाला की अधिकारी नेदरलँड्सचं नाव घेतात. त्यातलं खरं ते घेऊ. १९९५ च्या पुरात तिथे सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. बांध आणखी उंच करत बसण्यापेक्षा तीसहून अधिक ठिकाणी नदीला पसरायला जागा करून द्यायची, असं त्यांनी ठरवलं. ओव्हरडीप नावाच्या भागात शेतकऱ्यांनीच पुढे येऊन योजना सुचवली. बांध खाली करा, मोठ्या पुरात शेतात पाणी येऊ द्या, आमची घरं-गोठे उंच टेकाडांवर बांधून द्या. तसं झालंही. पण तिथल्या सतरा शेतकरी कुटुंबांपैकी साधारण निम्म्यांनाच मागे राहता आलं, बाकीच्यांना भरपाई घेऊन जावं लागलं. हे तिथे निभावलं, कारण पक्षकार ठळक होते. जमीन ज्याची, राबणारं कुटुंबही त्याचंच. आपल्याकडे एका एकरावर मालक वेगळा, वाटेकरी वेगळा, रोजगारी बाई वेगळी, वाडं गोळा करणारी वेगळी. नेदरलँड्सचा नकाशा आणता येईल, हा गुंता तिकडून सुटून येणार नाही.

आपल्या जास्त जवळचा धडा बांगलादेशचा आहे. खुलना-जेसोर भागात साठच्या दशकात समुद्राचं पाणी अडवायला बांध घातले गेले. भरतीबरोबर येणारा गाळ शेतात पसरायचा तो नदीतच साठू लागला. नद्या भरल्या आणि शेतं कायमची तुंबली. १९९० मध्ये बील डाकातिया इथे आणि १९९७ मध्ये बील भायना इथे लोकांनी स्वतः बांध फोडून भरतीचं पाणी सखल रानात घेतलं. (बील म्हणजे सखल पाणथळ रान.) गाळ रानात बसला, जमीन उंचावली, नदी खोल झाली. इंजिनियरांना जे जमलं नव्हतं ते गावाच्या शहाणपणाने करून दाखवलं. मग सरकारने तीच पद्धत योजना म्हणून उचलली. आळीपाळीने एकेका बीलातली खाजगी जमीन काही वर्षं पाण्याखाली सोडायची आणि मालकांना भरपाई द्यायची.

घोडं अडलं ते इथेच. पूर्व बील खुकशियात २००६ पासून पाणी घेतलं, तेव्हा भरपाईसाठी कागद मागितले गेले. पिढ्यान् पिढ्या वाटण्या नोंदल्या गेल्या नव्हत्या, कागद आजोबांच्या नावावर. अनेकांना पैसे मिळालेच नाहीत. वाटेकरी आणि मजूर यांचा तर विचारच नव्हता. ही बातमी शेजारच्या बीलांत पोहोचायला कितीसा वेळ लागणार? २०१२ मध्ये बील कपालियात लोकांनी योजनेला कडाडून विरोध केला, हाणामारी झाली, काम बंद पडलं. चांगली पद्धत वाया गेली. पाण्याची बाजू बरोबर होती, हक्काची बाजू चुकली. आपले सातबारे आठवा. किती उताऱ्यांवर अजून वारलेल्या आजोबांचं नाव आहे?

त्याच खुलना जिल्ह्यातली आणखी एक आठवण आपण जपली पाहिजे. हरिणखोला इथे कोळंबीच्या धंद्यासाठी शेतात खारं पाणी घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा भूमिहीन बायका-पुरुषांचा मोर्चा निघाला. ७ नोव्हेंबर १९९० ला त्या मोर्च्याच्या पुढे असलेल्या करुणामयी सरदार मारल्या गेल्या. रानात पाणी घ्यायचं की नाही, हे कोण ठरवणार, हाच तिथलाही प्रश्न होता. तो प्रश्न ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांनी विचारला होता.

दुष्काळाने शिकवलेलं पुरात का विसरायचं?

कुणी म्हणेल, जमीन ज्याच्या नावावर नाही त्याला भरपाईत वाटा कसा देणार? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच दिलं आहे. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता कुटुंबातल्या माणसांवर ठरला आणि भूमिहीनालाही पाण्यात हक्क मिळाला. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधलं. मुक्ती संघर्ष चळवळीने तिथेही समान पाणीवाटपाचं तत्त्व धरलं, त्यात भूमिहीनही आले.

पाणी कमी होतं तेव्हा आपण म्हणालो, की पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीला बांधू नका. आता पाणी जास्त झालं आहे. तेच तत्त्व इथे का लागू नये? टंचाईच्या पाण्यात सगळ्यांचा वाटा, तर पुराच्या पाण्याचा भार आणि त्याचा मोबदलाही सगळ्यांमध्ये वाटला गेला पाहिजे. पाणी पसरू दिल्याने खालच्या शहराचा बचाव होत असेल, तर त्या शहराने वरच्या रानातल्या प्रत्येक राबणाऱ्या हाताचं देणं लागतं. केवळ खातेदाराचं नव्हे.

कायद्यात याला आधारही आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने "बाधित कुटुंब" या शब्दात शेतमजूर, कूळ, वाटेकरी आणले. त्यांनी आधीची तीन वर्षं त्या जमिनीवर काम केलेलं असावं आणि त्यांची मुख्य उपजीविका तिच्यावर असावी, एवढीच अट. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बायकांना त्याच कायद्याने स्वतंत्र कुटुंब मानलं. लढून मिळवलेली तरतूद आहे ही. पण ती लागू होते संपादन झालं तर. सरकारने जमीन वाटाघाटीने थेट विकत घेतली, किंवा फक्त पुरापुरती वापरण्याचा करार केला, तर समोर बसतो तो मालक एकटा. मजूर बाई आपोआप गळते. "संपादन नाही, फक्त संमतीचा करार" हे शब्द ऐकायला मऊ आहेत. म्हणूनच ते कान टवकारून ऐकले पाहिजेत. संमती कुणाची, हे विचारल्याशिवाय पुढे जाता कामा नये.

आधी कुणी द्यायचं?

नदीसाठी त्याग करायचा तर रांगेत पहिला कोण? आजवरचा अनुभव असा, की नियम आधी आठवतात ते झोपडीसाठी. सांगलीत गुंठेवारीच्या वसाहती पाहा. शहरात घर परवडत नाही म्हणून धुणीभांडी करणाऱ्या, हमाली करणाऱ्या, कारखान्यात जाणाऱ्या लोकांनी सखल रानातले गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे घेतले. शामरावनगरसारख्या भागात पूर नसतानाही पावसाळाभर पाणी तुंबतं. या लोकांनी नदी अडवली नाही. नदीने अडवलेली जागाच तेवढी त्यांना परवडली. अतिक्रमण हटवायचं म्हटलं की बुलडोझर मात्र त्यांच्याकडे वळतो. भराव टाकून उभ्या राहिलेल्या मंगल कार्यालयांना आणि अपार्टमेंटना दंड भरून नियमित होता येतं.

म्हणून क्रम ठरला पाहिजे. आधी भराव काढा, बुजवलेले नाले उघडा, रस्त्यांच्या भरावांना मोऱ्या आणि खांब द्या. मग सार्वजनिक जागा पाण्याला मोकळ्या करा. त्यानंतरही जागा कमी पडली तर शेतकऱ्याच्या रानाकडे या, आणि येताना करार घेऊन या. वस्ती हलवायची तर ती सगळ्यात शेवटी आणि पुनर्वसन आधी पूर्ण करून. नवा प्लॉट नवरा-बायको दोघांच्या नावावर, एकट्या बाईला स्वतंत्र, आणि कामाच्या ठिकाणापासून चालत जाता येईल इतका जवळ. नवी वसाहत रानापासून लांब पडली की वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन तेवढं चालायचं बाईलाच.

घरच्यांचे आक्षेप

या मांडणीवर बाहेरच्यांपेक्षा आपल्याच मित्रांचे आक्षेप जास्त येतात. शेतकरी संघटनांतले भाऊ म्हणतात, "आधी जमीन वाचू दे, बायकांचं नंतर बघू." आपण हे "नंतर" गिरणी संपात ऐकलं, धरणग्रस्तांच्या लढ्यात ऐकलं. ते नंतर कधी येत नाही. शिवाय दोघांची नावं सातबाऱ्यावर असतील तर सरकारला एक सही काढून घेणं सोपं राहत नाही. कर्ज, दारू किंवा दडपण यांपुढे एकटा माणूस मोडतो. दोन सह्यांची जमीन लवकर हलत नाही. बाईचं नाव लागल्याने जमीन वाचतेच, जात नाही.

दुसरा आक्षेप, नावं वाढली की जमिनीचे तुकडे पडतील. संयुक्त नाव म्हणजे वाटणी नव्हे. भावाभावांच्या वाटण्यांनी तुकडे पडतात तेव्हा हा आक्षेप घेणाऱ्यांचा आवाज कुठे असतो?

पर्यावरणवादी मित्र म्हणतात, "नदी वाट बघत नाही. हक्कांचा घोळ घालत बसलात तर पुढचा पूर येईल." येईलच. पण बील कपालियाने दाखवलं ते हेच, की हक्कांचा घोळ आधी सोडवला नाही तर नदीचंही काम होत नाही. न्याय ही योजनेनंतर वाटायची मिठाई नव्हे, योजनेचा पायाच तो आहे.

आपल्या मागण्या

मैत्रिणींनो, नुसतं बोलून भागणार नाही. पूरपट्ट्यातल्या गावांत काम करणाऱ्या संघटनांपुढे मी या मागण्या ठेवते. त्यांत भर घाला, दुरुस्ती करा.

१. पूरयोजनेसाठी खाजगी जमीन घेण्याआधी किंवा वापरण्याआधी त्या गावांत वारसनोंदींची मोहीम घ्यावी. मुलींची नावं लागावीत, पत्नीचं नाव नवऱ्याबरोबर लागावं, आणि यासाठी बाईला तालुक्याला खेटे घालावे लागू नयेत.

२. योजना जाहीर झाल्यावर त्या गावांत होणारं प्रत्येक हक्कसोडपत्र तहसीलदाराने बहिणीला एकटीला विचारून, समजावून मगच नोंदवावं.

३. करार असो, थेट खरेदी असो वा संपादन, २०१३ च्या कायद्यातली बाधित कुटुंबाची व्याख्या सर्वांना लागू करावी. शेतमजूर, वाटेकरी आणि एकट्या बायका यांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी.

४. भरपाईचे दोन भाग करावेत, एक पिकाचा आणि एक बुडालेल्या रोजाचा. रोजाचा भाग थेट राबणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खात्यात जावा.

५. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. पूरयोजनेचा नकाशा आधी तिथे मांडावा. महिला सभेचा ठराव नसेल तर गावाची संमती धरू नये.

६. टाकलेल्या आणि एकट्या बायकांना वेगळं रेशनकार्ड द्यावं आणि पंचनाम्यात त्यांच्या चुलीची वेगळी नोंद घ्यावी.

७. पूररेषेतल्या भरावांची यादी जाहीर करावी आणि झोपडीला हात लावण्याआधी ते भराव काढावेत.

यांतली पहिली आणि सहावी मागणी सरकारची वाट न बघता आपण आजच हाती घेऊ शकतो. येत्या पावसाळ्याआधी आपल्या गटातल्या प्रत्येक बाईच्या घरचा सातबारा काढा. कुणाची नावं आहेत, कोण वारलं आहे, कुणाचं लागायला हवं, ते वहीत उतरवा. रोजगाराला जाणाऱ्या बायकांनी कोणत्या रानात किती दिवस काम केलं, त्याचीही वही ठेवा. तीन वर्षांचं काम सिद्ध करायची वेळ आली तर ही वहीच पुरावा होईल. तलाठी विचारेल, कशाला हवं? सांगा, नदीला जागा द्यायची आहे. देणाऱ्यांत आमचंही नाव हवं.

पुराला आपण थांबवू शकत नाही, थांबवूही नये. तो नदीचा हक्क आहे. पण त्या हक्काची किंमत कुणी मोजायची हे निसर्ग ठरवत नाही, माणसं ठरवतात. आजवर ते आपल्याला न विचारता ठरलं. यापुढे आपल्या सहीशिवाय ठरू द्यायचं नाही.